अर्थमंत्र्यांवर टीका करायचीय? मग आधी बजेटचा कागद उघडा

1 फेब्रुवारीला बजेटचं भाषण संपलं रे संपलं की व्हॉट्सअॅपवर दोनच प्रकारचे मेसेज सुटतात, एकात "ऐतिहासिक बजेट" आणि दुसऱ्यात "सामान्यांच्या तोंडाला पानं पुसली", आणि दोन्ही पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बजेटचं एक पानसुद्धा उघडलेलं नसतं. पहिल्या प्रकारच्या लोकांना मला काही सांगायचं नाहीये. दुसऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण मी त्यांच्यातलाच आहे. निर्मला सीतारामन 2019 पासून अर्थमंत्री आहेत आणि त्यांच्या कारभारातल्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण ढोबळ टीका केली की तिचा फायदा सरळ त्यांनाच होतो हे इतक्या वेळा बघितलंय की आता राहवत नाही.

तर पहिलं काम म्हणजे काय सोडायचं ते ठरवा. साडी, बोलण्याची ढब, हिंदी, त्या राज्यसभेतून येतात हे, सगळं सोडा. बाईमाणसाच्या दिसण्याबोलण्यावर घसरणं हलकटपणा आहेच, वर तुम्ही तिथं घसरलात की समोरच्याला तुमच्या मूळ मुद्द्याला उत्तर द्यावंच लागत नाही.

व्हायरल क्लिपसुद्धा सोडा, म्हणजे ज्या अर्धवट असतात त्या. डिसेंबर 2019 चं कांद्याचं प्रकरण आठवा. कांदा बऱ्याच शहरांत शंभरीपार गेला होता, लोकसभेत सुप्रिया सुळेंनी कांद्याच्या उत्पादनाबद्दल आणि छोट्या शेतकऱ्याबद्दल विचारलं, अर्थमंत्री साठवणूक आणि आयात यावर उत्तर देत होत्या, मधेच कुणीतरी खासदार तुम्ही कांदा खाता का असं काहीतरी ओरडले आणि त्यावर त्या म्हणाल्या की मी फारसा कांदा लसूण खात नाही, आमच्या घरात त्याचं फार नसतं. झालं! पुढचे कित्येक दिवस अख्खा देश अर्थमंत्र्यांच्या ताटात काय असतं यावर बोलत होता. उत्पादन का घसरलं, साठवणुकीचं काय करणार, शेतकऱ्याच्या हातात किती पडले, हे सगळं त्या गोंधळात वाहून गेलं. सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं असेल तर नाशिकच्या कांदेवाल्याचं, कारण त्याच्या बाजूनं विचारलेला प्रश्न कुणाच्या लक्षातच राहिला नाही.

आता कांद्यावरच थोडं थांबू, कारण दुसरी पायरी यातूनच नीट कळते. निर्णय नक्की कुणाचा होता ते शोधा. आपण काय करतो, महागाई झाली अर्थमंत्री, बँक बुडाली अर्थमंत्री, कांदा पडला अर्थमंत्री. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, ती अधिसूचना अर्थ मंत्रालयाची, कारण सीमाशुल्क त्यांच्या महसूल विभागाकडे येतं. तेव्हा नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते ते आठवत असेल. पुढं डिसेंबर 2023 मध्ये थेट निर्यातबंदी आली, ती मात्र वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची. नाफेडकडून खरेदी करून बाजारात माल उतरवायचा, ते ग्राहक व्यवहार खात्याचं. मे 2024 मध्ये बंदी उठली पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून कमी भावात निर्यात नाही, आणि 40 टक्के शुल्क राहिलंच, सप्टेंबर 2024 ला मूल्याची अट काढून शुल्क 20 टक्के केलं आणि 1 एप्रिल 2025 पासून ते शून्य झालं. म्हणजे दीड वर्षापेक्षा जास्त काळ कांद्यावर या ना त्या रूपात टाच होती.

हे तुम्हाला माहीत असेल तर "कांदा उत्पादकांना मारलं" एवढं म्हणून थांबायची गरज नाही. तुम्ही सरळ विचारू शकता की शहरातला भाव खाली ठेवायला शेतकऱ्याच्या मालावर 40 टक्के शुल्क कुठल्या हिशोबानं लावलंत, आणि त्या शुल्कातून जमा झालेले पैसे त्याच शेतकऱ्याला नुकसानभरपाई म्हणून का दिले नाहीत. हा प्रश्न अर्थमंत्र्यांचाच आहे, वाणिज्य खात्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. बंदीचा प्रश्न मात्र पीयूष गोयलांना विचारा, कारण तेव्हा वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार दोन्ही खाती त्यांच्याकडे होती.

तसंच रेपो रेटचं, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्याचं. तो रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती ठरवते, तुमचा होम लोनचा ईएमआय वाढला म्हणून अर्थमंत्र्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. पण महागाई 4 टक्के, वर खाली 2 टक्के, हे लक्ष्य सरकारनं ठरवून दिलेलं आहे आणि सलग तीन तिमाही ते चुकलं की रिझर्व्ह बँकेनं सरकारला कारणं लेखी कळवायची असा कायदा आहे. 2022 मध्ये असं घडलं, रिझर्व्ह बँकेनं पत्र दिलं, आणि सरकारनं ते जाहीर केलं नाही. आता हे अर्थमंत्र्यांना विचारता येतं! महागाई आमच्या खिशातून गेली आणि तिची कारणं आम्हालाच वाचायला मिळू नयेत, हे मला अजून खटकतं.

बरं, आता कागद. इंडियाबजेट नावाची सरकारी साइट आहे, सगळं फुकट आहे, हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही ही वेगळी तक्रार. भाषण शेवटी वाचा किंवा वाचूच नका. भाषणात सरकारला जे सांगायचं ते असतं, आकडे इतर कागदांत असतात. सुरुवात 'बजेट ॲट अ ग्लान्स' पासून करा, थोडीच पानं आहेत, एका संध्याकाळी होतं. मग ज्या खात्यात तुम्हाला रस आहे त्या खात्याच्या अनुदान मागण्या, म्हणजे त्या खात्यासाठी संसदेकडे मागितलेले पैसे, बघा.

प्रत्येक तक्त्यात साधारण चार रकाने असतात. गेल्या वर्षी खरोखर किती खर्च झाले, चालू वर्षी किती करू म्हणाले होते, चालू वर्षीचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षी किती करू म्हणतायत. पेपरात आणि टीव्हीवर फक्त चौथ्या रकान्याची हेडलाईन येते. तुम्ही दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी शेजारी ठेवा, टीकेचा निम्मा मालमसाला तिथंच सापडतो.

एक दाखवतो. जुलै 2024 च्या बजेटमध्ये जलजीवन मिशनला, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेला, 70,163 कोटी दिले. फेब्रुवारी 2025 च्या कागदात त्याच वर्षाचा सुधारित आकडा आहे 22,694 कोटी. म्हणजे 47 हजार कोटींवर पाणी सोडलं, आणि पुढच्या वर्षाला पुन्हा 67,000 कोटींची घोषणा. हेडलाईन आली ती 67,000 ची. किंवा पंतप्रधान इंटर्नशिप योजना घ्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण म्हणून जुलै 2024 मध्ये मोठा गाजावाजा झाला, पहिल्या वर्षाला 2,000 कोटी ठेवले, सुधारित अंदाज 380 कोटी. ही योजना ज्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आहे त्याच्या मंत्री सीतारामनच आहेत, त्यामुळे इथं दुसऱ्या खात्यावर ढकलायचीही सोय नाही. एकूण भांडवली खर्चाचंही, म्हणजे रस्ते रेल्वेसारख्या टिकाऊ कामांवरच्या खर्चाचंही, तेच, 2024-25 ला 11.11 लाख कोटी म्हणाले आणि सुधारित अंदाजात 10.18 लाख कोटी झाले, निवडणुकीचं वर्ष होतं हे कारण दिलं गेलं आणि ते काही प्रमाणात खरंही आहे, तेवढं मान्य करून पुढं बोला.

आता मोठ्या आकड्यांना भुलू नका, आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. "आजवरचं सर्वात मोठं बजेट" हे वाक्य दर वर्षी खरं असतं, कारण महागाई आणि जीडीपी दोन्ही वाढतायत. तसंच "आजवरचं सर्वात मोठं कर्ज" हेही जवळपास दर वर्षी खरं असतं! त्यामुळे जीडीपीच्या टक्क्यांत बोला. वित्तीय तूट, म्हणजे खर्चातला जो भाग कर्ज काढून भागवतात तो, 2020-21 मध्ये 9.2 टक्के होती, ती खाली आणत 2025-26 ला 4.4 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, 2021 मध्ये जे सांगितलं होतं साडेचारच्या खाली आणू ते त्यांनी धरून ठेवलं, हे मान्य करायला आपलं काही जात नाही. आणि याच बाईंनी 2021 च्या बजेटमध्ये अन्न महामंडळाच्या नावावर लपवलेली कर्जं उघडपणे सरकारी हिशोबात घेतली, त्याआधीची कित्येक वर्षं ती बाहेर ठेवली जात होती, ते कामही चांगलं झालं. हे म्हटलं की मग पुढचं वाक्य ऐकून घेतलं जातं: 2025-26 च्या बजेटात 50.65 लाख कोटी खर्चापैकी 12.76 लाख कोटी नुसत्या व्याजाचे आहेत. म्हणजे त्या बजेटप्रमाणे केंद्राच्या महसुली उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे सदतीस रुपये व्याजात जाणार होते. शाळा, दवाखाने, पीकविमा सगळं उरलेल्यात बसवायचं.

माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा चर्चा करण्यासारखा निर्णय म्हणजे 20 सप्टेंबर 2019 चा, आणि तो झाला गोव्यात. जीएसटी कौन्सिलची बैठक होती पणजीत, त्याआधी सकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की कंपन्यांचा आयकर 30 टक्क्यांवरून 22 टक्के, सवलती सोडणाऱ्यांना, आणि नव्या कारखान्यांना 15 टक्के. सरकारनंच सांगितलं की यातून वर्षाला 1.45 लाख कोटींचा महसूल सोडतोय. सेन्सेक्स त्या दिवशी 1,900 अंकांच्या वर उडाला. बजेट होऊन तीन महिने झाले नव्हते, संसदेत चर्चा नाही, वटहुकूम.

यावर टीका कशी करायची? "अंबानी अदानींना वाटलं" असं लिहिलं की संपलं, पुढं कुणी वाचत नाही. आधी विचारा की रोग काय होता. 2019 मध्ये गाड्या खपत नव्हत्या, बिस्किटाच्या पुड्यांपर्यंत मागणी मंदावल्याच्या बातम्या होत्या, लोकांच्या हातात पैसा नव्हता. ज्या कंपनीचा माल खपत नाही तिचा टॅक्स कमी केला म्हणून ती नवा कारखाना का काढेल? मग आकडे बघा. कंपनी कराची वसुली 2018-19 मध्ये 6.63 लाख कोटी होती, 2019-20 मध्ये 5.56 लाख कोटी झाली, आणि कोविडचा लॉकडाऊन त्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात लागला त्यामुळे सगळं खापर कोविडवर फुटत नाही. नंतर वसुली वाढली, 2023-24 ला 9.11 लाख कोटींवर गेली, हेही सांगा, लपवू नका. पण त्याच वर्षी तुमच्या आमच्या पगारातून आणि धंद्यातून गेलेला वैयक्तिक आयकर 10 लाख कोटींच्या वर होता. 2019-20 पर्यंत कंपन्या जास्त भरत होत्या, आता माणसं जास्त भरतायत. गुंतवणुकीचं म्हणाल तर सप्टेंबर 2022 मध्ये स्वतः अर्थमंत्र्यांनी उद्योगपतींना जाहीरपणे विचारलं की तुम्हाला अडवतंय काय, हनुमानासारखी तुम्हाला तुमचीच ताकद माहीत नाही का. टॅक्स कमी करून तीन वर्षांनी असं विचारायची वेळ येते यातच उत्तर आलं. मंत्र्याचंच वाक्य मंत्र्यासमोर ठेवणं यापेक्षा मजबूत टीका नसते, फक्त वाक्य पूर्ण ठेवा, तोडून नको.

कोविडचं वर्ष मात्र जपून वापरा. एप्रिल ते जून 2020 च्या तिमाहीत जीडीपी 23.9 टक्के पडल्याचा पहिला अंदाज आला होता, तो आकडा अजूनही लोक अर्थमंत्र्यांच्या तोंडावर फेकतात. अख्खा देश बंद असताना ते होणारच होतं. आणि त्याच न्यायानं पुढच्या वर्षीची 9 टक्क्यांच्या वरची वाढही कुणी मिरवू नये, खड्ड्यातून वर येताना टक्केवारी मोठीच दिसते. विचारायचं असेल तर कोविडच्या आधीचं विचारा, 2019-20 ला वाढ चार टक्क्यांच्या आसपास का आली होती.

यानंतरची पायरी बहुतेक लोक करतच नाहीत. टीकेला सरकारकडून उत्तर आलं की ते उत्तर तपासायचं. ऑगस्ट 2021 चं उदाहरण घ्या, पेट्रोल शंभरीपार होतं, टॅक्स कमी करा म्हणून ओरड होती, अर्थमंत्री म्हणाल्या की यूपीएच्या काळातल्या ऑइल बाँडची परतफेड आमच्या डोक्यावर आहे म्हणून कमी करता येत नाही. ऐकायला एकदम पटतं. कागदात काय होतं? 2021-22 मध्ये या बाँडचं मुद्दल 10,000 कोटी आणि व्याज साधारण तेवढंच, म्हणजे एकूण वीस हजार कोटींच्या आसपास द्यायचं होतं. आणि 2020-21 मध्ये पेट्रोल डिझेलवरच्या केंद्रीय एक्साइजमधून जमा झाले होते 3.35 लाख कोटी, हे सरकारनंच लोकसभेत सांगितलं होतं. आता हिशोब कुणीही करावा. यूपीए सरकारनं सबसिडी रोख न देता बाँडमध्ये गुंडाळून पुढच्या सरकारावर ढकलली हे चुकीचंच होतं आणि तसं म्हणायला लाजू नका, पण ते कारण एवढ्या मोठ्या टॅक्सला पुरत नव्हतं. नोव्हेंबर 2021 मध्ये पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपये कमी केलेच की, बाँड तेव्हाही होते.

पेट्रोलचंच आणखी एक, महाराष्ट्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं. फेब्रुवारी 2021 च्या बजेटनंतर पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचे 32.90 रुपये होते, त्यातली मूळ एक्साइज फक्त 1.40 रुपये. बाकी सगळा सेस आणि विशेष कर. वित्त आयोगानं केंद्रीय करांतला 41 टक्के वाटा राज्यांना दिलाय, पण सेस आणि सरचार्ज त्या वाटणीत येतच नाहीत. म्हणजे 1.40 चे 41 टक्के, सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे 57 पैसे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा तेव्हा 6.317 टक्के होता. राज्य स्वतःचा व्हॅट वेगळा लावतं, त्याबद्दलची टीका राज्य सरकारवर करा, ती वेगळी पोस्ट. पण केंद्रानं कर वाढवायचा आणि तो अशा नावानं वाढवायचा की राज्याला त्यातला वाटाच मिळू नये, यावर मुंबई आणि पणजीतून जेवढा आवाज उठायला हवा तेवढा उठलेला नाही.

कुणाला वाटेल एवढं खोदून कोण ऐकतंय. 1957 ची गोष्ट आहे. एलआयसी नुकतीच सुरू झालेली, मुंबईत मुख्यालय, तिनं हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. लोकसभेत हे कुणी काढलं तर काँग्रेसच्याच फिरोज गांधींनी, आपल्याच पक्षाच्या आणि आपल्याच सासऱ्याच्या सरकारविरुद्ध. त्यांनी विचारलं ते एवढंच की बाजारात भाव काय होता, एलआयसीनं काय भावानं घेतले, कुणाच्या सांगण्यावरून घेतले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली, मुंबईत लोकांसमोर सुनावण्या झाल्या, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. तारीख, भाव, आदेश कुणाचा, या तीन गोष्टी मंत्र्याला टाळता आल्या नाहीत.

तर आता लिहायला बसा. एका पोस्टमध्ये एकच निर्णय घ्या, दहा घेतले की समोरचा सगळ्यात कच्चा असेल तो पकडतो आणि बाकी नऊ सोडून देतो. आधी निर्णय आणि तारीख, मग कागदातला आकडा आणि कुठल्या कागदातला ते, मग तुमच्या गावात किंवा धंद्यात त्याचा काय परिणाम दिसतोय, आणि शेवटी उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न. उदाहरणार्थ असं: "जुलै 2024 ला जलजीवनला 70,163 कोटी मंजूर, सहा महिन्यांत सुधारून 22,694 कोटी. आमच्या गावात टाकी उभी आहे, पाइप अंथरलेत, पाणी नाही, ठेकेदार म्हणतो बिल थकलंय. उरलेले 47 हजार कोटी का दिले नाहीत, आणि आमच्या जिल्ह्याचे त्यातले किती?" यात शिवी नाही, विशेषण नाही, आणि तरी वाचणारा अस्वस्थ होतो. गावाचं मात्र खरं असेल तेवढंच लिहा, ग्रामपंचायतीत जाऊन विचारून मग लिहा.

पोस्ट टाकून थांबू नका. तोच प्रश्न तुमच्या खासदाराला मेल करा आणि अतारांकित प्रश्न म्हणून द्यायला सांगा, त्याचं उत्तर लेखी येतं आणि लोकसभेच्या साइटवर कायम राहतं. खासदार कुठल्या पक्षाचा आहे ते बघू नका, सत्ताधारी असेल तर जास्त आग्रह धरा. अधिवेशनाच्या तारखा आल्या आल्या पाठवा, कारण नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. खासदार दाद देत नसेल तर केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर 10 रुपये भरून तुम्ही स्वतः मागू शकता, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. प्रश्न "का" असा विचारलात तर माहिती नाही म्हणून परत येईल, त्यामुळे "या तारखेपासून या तारखेपर्यंत किती निधी वितरित केला, जिल्हावार प्रत द्या" असं विचारा. आणि दर महिन्याच्या शेवटी महालेखानियंत्रकांच्या साइटवर केंद्राचा जमाखर्च येतो तो बघत जा, म्हणजे सुधारित अंदाजाला फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागत नाही, पैसा अडकतोय हे नोव्हेंबरातच दिसायला लागतं आणि हिवाळी अधिवेशन चालू असतानाच विचारता येतं.